टाळ्या कोणत्या संघाला?

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

एप्रिल १९९० मध्ये नॉर्मन टेबिट यांनी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला मुलाखत दिली आणि ब्रिटिश राजकारणात क्रिकेटचा एक नवाच उपयोग निघाला. ब्रिटनमधले पुष्कळसे आशियाई लोक क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतात, असे टेबिट म्हणाले. परीक्षा सोपी होती. इंग्लंडची गाठ भारताशी किंवा पाकिस्तानशी पडली की टाळ्या कोणाला वाजवता? इंग्लंडला वाजवत असाल तर या देशाचे. नाहीतर मनाने अजून गावाकडेच.

टेबिट हे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातले एकेकाळचे वजनदार मंत्री. त्या वेळी हाँगकाँगमधल्या पन्नास हजार प्रमुख व्यक्तींना कुटुंबासह ब्रिटिश नागरिकत्व देण्याचा प्रस्ताव संसदेपुढे होता आणि त्याला स्वपक्षातून विरोध करणाऱ्यांचे ते पुढारी होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असला हा माणूस नव्हता. देशासाठी त्यांनी मोजलेली किंमतही खरी होती. १९८४ मध्ये ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आयरिश रिपब्लिकन आर्मीने केलेल्या स्फोटात त्यांची पत्नी कायमची चाकाच्या खुर्चीला खिळली. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला ‘वर्णद्वेष’ म्हणून झटकून टाकणे सोपे असले तरी पुरेसे नाही. प्रश्न विचारण्यासारखा होता का आणि त्याचे उत्तर क्रिकेटच्या मैदानात मिळते का, हे पाहायला हवे.

पहिली अडचण घरातलीच. इंग्लंड फुटबॉल खेळत असले की स्कॉटलंडमधले असंख्य लोक समोरच्या संघाच्या बाजूचे होतात, मग तो संघ कुठलाही असो. त्यांच्या ब्रिटिश नागरिकत्वावर कोणी बोट ठेवत नाही. सिडनीत पिढ्यान्‌पिढ्या राहून ॲशेसमध्ये इंग्लंडसाठी घसा कोरडा करणारा इंग्रज ऑस्ट्रेलियाशी बेइमान आहे, असे टेबिट कधी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. परीक्षा होती ती आशियाई आणि कॅरिबियन मुलांसाठी.

पण तेवढ्याने प्रश्न संपला असे समजू नये. २००१ मध्ये इंग्लंडचा कर्णधार नासर हुसेन यानेही जवळपास हीच तक्रार केली. मद्रासमध्ये जन्मलेला, लहानपणीच इंग्लंडला गेलेला हा मुलगा म्हणत होता की, इथे जन्मलेले किंवा त्याच्यासारखे लहान वयात आलेले आशियाई लोक इंग्लंडच्या बाजूने का उभे राहत नाहीत हे त्याला कळत नाही. त्याला वर्णद्वेष्टा म्हणण्याची सोय नव्हती. स्वतःच्या घरच्या मैदानावर परक्यासारखे खेळावे लागते, हे त्याचे दुःख खरे होते.

या दुखण्याचे मूळ टेबिट यांच्या आधी शंभरेक वर्षे जाते आणि तिथे मुंबईही आहे. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस परत गेल्यावर इंग्लिश क्रिकेटचे सर्वेसर्वा झाले. १८९६ मध्ये रणजितसिंहजी धावांच्या राशी ओतत होते, तरी लॉर्ड्‌सच्या कसोटीसाठी त्यांची निवड झाली नाही. हॅरिस यांचा विरोध होता, असे मानले जाते. त्या काळी यजमान संघटनाच संघ निवडत असल्यामुळे मँचेस्टरवाल्यांनी पुढच्या कसोटीत रणजींना घेतले. त्यांनी पहिल्या डावात ६२ आणि दुसऱ्यात नाबाद १५४ धावा काढल्या. प्रेक्षकांनी टाळ्या कोणाला वाजवल्या हे सांगायला नकोच. सामान्य इंग्रज प्रेक्षकाला खेळाडूच्या रंगाची फार पडलेली नव्हती. पडलेली होती ती समितीच्या खोलीत.

राजकारणातही तेच. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅल्सबरी एडिनबरोच्या भाषणात बोलून गेले की इंग्लिश मतदारसंघ अजून एखाद्या काळ्या माणसाला निवडून देण्याइतका पुढे गेलेला नाही. रोख दादाभाई नौरोजींवर होता. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले दादाभाई रंगाने कित्येक इंग्रजांइतके गोरे होते, तो भाग वेगळा. या उद्गारांवर इंग्लंडभर गहजब झाला आणि दादाभाईंचे नाव घरोघर पोहोचले. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले. बोलताना जिभेला लगाम हवा, ही अपेक्षा म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटी विद्यापीठांतून निघालेले खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण वाचावे. व्हिक्टोरिया राणीच्या पंतप्रधानालाही तोंडातून गेलेला शब्द महागात पडला होता.

यानंतर १९६८ वर थोडे थांबले पाहिजे, कारण त्या एका वर्षात प्रश्न आणि उत्तर दोन्ही घडले.

२० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलात वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण केले. रक्तपाताचे भाकीत करणाऱ्या या भाषणात त्यांनी शिखांच्या मागणीवरही टीका केली होती. त्यांच्याच वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये शीख बसचालक पगडी आणि दाढीसह काम करू देण्यासाठी झगडत होते. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी पॉवेल यांना छायामंत्रिमंडळातून काढले. पण लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ मोर्चा घेऊन संसदेवर गेले. म्हणजे वरिष्ठ वर्तुळात जे बोलणे असभ्य ठरले, ते रस्त्यावर अनेकांना आपल्या मनातले वाटले. ही फट आजही बुजलेली नाही. पगडीचे भांडण मात्र वर्षभरात मिटले. एप्रिल १९६९ मध्ये नगरपालिकेने माघार घेतली, बसगाड्या पूर्वीसारख्याच धावू लागल्या आणि इंग्लंडचे काही बिघडले नाही.

१९६८ च्याच ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची शेवटची कसोटी होती. बॅझिल डॉलिव्हेरा हा केपटाउनचा ‘कलर्ड’ माणूस. मायदेशात गोऱ्यांबरोबर खेळायची बंदी, म्हणून पत्रकार जॉन अर्लट यांच्या मदतीने १९६० मध्ये तो लँकेशायरमधल्या मिडलटन क्लबात व्यावसायिक म्हणून आला. सहा वर्षांत इंग्लंडकडून कसोटी खेळला. ओव्हलच्या सामन्यातही त्याचे नाव आधी नव्हतेच. एका फलंदाजाने माघार घेतली म्हणून आयत्या वेळी बोलावणे आले. त्याने १५८ धावा काढल्या. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धो धो पाऊस पडून मैदानाचे तळे झाले. तेव्हा प्रेक्षकच मैदानात उतरले आणि कर्मचाऱ्यांबरोबर पाणी उपसू लागले. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर चिवट जोडी फुटेना. डॉलिव्हेराने जार्मनचा त्रिफळा उडवला, मग अंडरवूडने उरलेले गडी गुंडाळले आणि जेमतेम काही मिनिटे शिल्लक असताना इंग्लंड जिंकले.

त्याच रात्री दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवड समिती बसली. दुसऱ्या दिवशी संघ जाहीर झाला, त्यात डॉलिव्हेरा नव्हता. वूस्टरच्या ड्रेसिंगरूममध्ये रेडिओवर नावे ऐकताना तो ढसाढसा रडला. समितीने कारण दिले ते निव्वळ क्रिकेटचे. प्रिटोरियाच्या सरकारला हा खेळाडू नको आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. देशभर आरडाओरडा झाला. सप्टेंबरात टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला, तेव्हा डॉलिव्हेराची निवड झाली. हा वर्णभेदविरोधी चळवळीचा संघ आहे, असे म्हणून दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो नाकारला आणि दौरा रद्द झाला.

टेबिट यांची कसोटी इथे लावून पाहावी. डॉलिव्हेरा तर टाळ्या वाजवण्याच्या कितीतरी पुढे गेला होता, त्याने इंग्लंडला सामना जिंकून दिला होता. नापास झाली ती निवड समिती. आणि पाणी उपसायला खाली उतरलेले ते प्रेक्षक, त्यांना कोणी प्रश्नपत्रिका दिली नव्हती.

पास झालेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न टेबिट यांनी विचारलाच नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये जमैकात जन्मलेल्या डेव्हन माल्कमने ओव्हलवरच दक्षिण आफ्रिकेचे ५७ धावांत ९ गडी टिपले. वर्षभराच्या आत, जुलै १९९५ मध्ये, ‘विस्डन क्रिकेट मंथली’ने रॉबर्ट हेंडरसन यांचा लेख छापला. परदेशात जन्मलेल्या आणि काळ्या खेळाडूंच्या रक्तात इंग्लंडसाठी तेवढी तळमळ नसणार, असा त्याचा मथितार्थ. माल्कम आणि फिलिप डिफ्रेटस कोर्टात गेले, त्यांना भरपाई मिळाली. नऊ बळी घेऊनही रक्ताची तपासणी चुकत नसेल तर दहावा घेऊन तरी काय होणार होते?

यॉर्कशायरची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. या कौंटीचा नियम असा की यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यालाच संघात जागा. तो नियम १९९२ मध्ये मोडला आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर तिकडे गेला. त्याची डोक्यावर सपाट टोपी घातलेली, हातात बिअरचा ग्लास धरलेली छायाचित्रे आपल्याकडेही कौतुकाने छापून आली. पण ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी, हडर्सफील्डच्या गल्ल्यांत जन्मून तिथल्याच लीगमध्ये खेळणाऱ्या आशियाई मुलांपैकी पहिला मुलगा, अजमल शहजाद, यॉर्कशायरकडून खेळला तो २००४ मध्ये. परदेशी तारा चालला. शेजारचा मुलगा दाराबाहेर बारा वर्षे थांबला. पुढे अझीम रफीक आला. दहाव्या वर्षी कराचीहून आलेला, इंग्लंडच्या १५ आणि १९ वर्षांखालील संघांचा कर्णधार झालेला. टेबिट यांच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे बसून त्याने ड्रेसिंगरूममधले अनुभव रडत सांगितले. त्याला आणि इतरांना उद्देशून वापरलेले शब्द आधीच्या चौकशीत ‘थट्टामस्करी’ म्हणून सोडून दिले गेले होते. २०२३ मध्ये यॉर्कशायरला चार लाख पौंड दंड झाला. साक्षीनंतर काही दिवसांतच रफीकने पूर्वी ज्यूंविषयी लिहिलेले ओंगळ संदेश उघड झाले आणि त्याने लगेच माफी मागितली, हेही सांगितले पाहिजे. अन्याय सोसलेला माणूस आपोआप निर्मळ होत नाही.

चांगली उदाहरणेही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मार्च २००६ मध्ये नागपूरला माँटी पनेसारने इंग्लंडकडून कसोटी पदार्पण केले. पटक्यातला हा ल्यूटनचा शीख मुलगा. त्याचा पहिला बळी सचिन तेंडुलकर. नागपूरकर हळहळले, पण विलायतेत पनेसार जिथे जाईल तिथे प्रेक्षक खोट्या दाढ्या लावून, डोक्याला फडकी गुंडाळून येऊ लागले. या वेषांतराला कोणी अपमानास्पद म्हणू शकेल. पनेसारने ते प्रेमाचे मानले आणि या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा धरायला हरकत नाही.

इंग्लंडच्या २०१९ च्या विश्वचषक विजयाचा कर्णधार डब्लिनचा, सुपर ओव्हर टाकणारा बार्बेडोसचा, सामनावीर न्यूझीलंडमध्ये जन्मलेला. बक्षीस घेताना शॅम्पेन उडणार म्हणून मोईन अली आणि आदिल रशीद हळूच बाजूला सरकले. कोणी त्यांना अडवले नाही, कोणी शॅम्पेनही थांबवली नाही. जेकब रीस-मॉग या ब्रेक्झिटवादी खासदाराने मात्र, जिंकायला युरोपाची गरज नाही, असे लिहून टाकले. कर्णधाराचा आयर्लंड युरोपीय संघात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

झेंड्याचे मात्र असे सहज जमले नाही. सत्तरच्या दशकात अतिउजव्या नॅशनल फ्रंटच्या मोर्च्यांत युनियन जॅक दिसू लागला आणि सभ्य डाव्या माणसाला तो हातात धरण्याची लाज वाटू लागली. ज्या वस्तीत झेंडे लागत, तिकडे आशियाई माणूस रात्री जाईना. ज्यांचा झेंडा त्यांनी सोडला आणि ज्यांच्या हाती तो गेला त्यांनी त्याची लाठी केली. १९९२ मध्ये बार्सिलोनात शंभर मीटर जिंकून जमैकात जन्मलेल्या लिनफर्ड क्रिस्टीने तो अंगावर घेतला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात डॅनी बॉइलने कारखाने, परिचारिका आणि कॅरिबियन स्थलांतरितांना घेऊन आलेले ‘विंडरश’ जहाज एकाच सोहळ्यात आणले. आठवडाभराने सोमालियात जन्मलेला मो फराह सुवर्ण जिंकून गेला आणि देश खुशीत होता. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये लेबर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी यांनी रॉचेस्टरमधल्या एका घराचे छायाचित्र ट्विटरवर टाकले. घरावर इंग्लंडचे तीन झेंडे, दारात पांढरी व्हॅन. टीकेचा एक शब्द त्यांनी लिहिला नव्हता. तरी कष्टकरी माणसाच्या झेंड्याला नाक मुरडले, असा सगळ्यांनी अर्थ लावला आणि त्यांना त्याच दिवशी पद सोडावे लागले. अर्थ बहुधा बरोबरच लावला होता. २०२५ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमपासून सुरू होऊन गावोगावच्या विजेच्या खांबांवर झेंडे चढले, तेव्हा कोणी त्यांत अभिमान पाहिला, कोणी दमदाटी. एकाच खांबाखालून जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या.

आता पोलिटिकल करेक्टनेसकडे वळू. या विषयावरची ब्रिटनमधली सर्वात लाडकी कथा म्हणजे ‘विंटरव्हल’. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने मुसलमानांना वाईट वाटू नये म्हणून ख्रिसमसचे नाव बदलून विंटरव्हल ठेवले, अशी ती कथा. घडले ते असे: १९९७ आणि १९९८ च्या हिवाळ्यात शहराच्या मध्यभागी गिऱ्हाईक यावे म्हणून नगरपालिकेने दिवाळीपासून नववर्षापर्यंतच्या सगळ्या कार्यक्रमांची एकत्र जाहिरात केली आणि त्या हंगामाला ते नाव दिले. ख्रिसमस त्यात होताच, ठळक होता. चौकात झाड होते, दिवे होते, ‘मेरी ख्रिसमस’चा फलक होता. मुसलमानांनी काही मागितलेच नव्हते. तरी ही गोष्ट बिशपांनी सांगितली, मंत्र्यांनी सांगितली, वर्तमानपत्रांनी दर डिसेंबरात गरम करून वाढली. ‘डेली मेल’ने २०११ मध्ये चूक दुरुस्त केली, गोष्ट अजून चालूच आहे. न घडलेल्या अपमानावर राष्ट्राभिमान किती वर्षे पोसता येतो, याचे हे उत्तम उदाहरण.

पण विंटरव्हल दाखवून सगळ्याच तक्रारी खोट्या ठरवणाऱ्यांनी रॉदरहॅमचा अहवाल वाचावा. ॲलेक्सिस जे यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये तो दिला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात, हात राखून केलेल्या अंदाजाने, १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले. पीडितांनी बहुतेक आरोपींचे वर्णन ‘आशियाई’ असे केले होते. आपल्याला वर्णद्वेष्टे म्हणतील म्हणून ते लिहायला काही कर्मचारी कचरत होते, असे अहवालात स्पष्ट आहे. पोलिसांनी गरीब घरच्या या मुलींना वाया गेलेल्या म्हणून हाकलले, हेही त्यातच आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. ब्रिटनमध्ये अर्धे लोक पहिले वाचतात आणि अर्धे दुसरे. या भित्रेपणाचा आशियाई समाजालाही फायदा झाला नाही. गुन्हेगारांची नावे वेळेवर घेतली असती, तर संशय साऱ्या वस्तीवर पसरला नसता. बोलताना समोरच्याचा मान राखणे वेगळे आणि त्याच्या जातभाईचा गुन्हा न नोंदवणे वेगळे. पहिले सोडू नये, दुसरे करू नये. यात गुंतागुंतीचे तत्त्वज्ञान नाही, कर्तव्य करणारा अधिकारी मात्र लागतो.

हे सगळे साहेबाचे झाले. आपल्याकडे काय?

ओव्हलवर किंवा एजबॅस्टनवर भारताचा सामना असला की लंडनचे, बर्मिंगहॅमचे मराठी लोक तिरंगा घेऊन जातात. त्यांतल्या कित्येकांकडे ब्रिटिश पासपोर्ट असतो, मुलांचा जन्म तिकडचा असतो. ‘गणपती बाप्पा मोरया’चा गजर दूरदर्शनवर ऐकू आला की पुण्या-मुंबईत ऊर भरून येतो. ही मंडळी टेबिट यांच्या परीक्षेत सपशेल नापास आहेत आणि त्याचे आपल्याला कौतुक आहे. मार्च २०१४ मध्ये आशिया चषकात पाकिस्तानने भारताला हरवले, तेव्हा मीरतच्या एका विद्यापीठात काश्मिरी विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, पोलिसांनी राजद्रोहाचे कलम लावले आणि गवगवा झाल्यावर मागे घेतले. काश्मीरचा इतिहास वेगळा, पाकिस्तानशी युद्धे झालेली, लंडनच्या मराठी माणसाची तुलना कशी होईल, असे कोणी म्हणेल. फरक आहे हे खरे. पण टाळीसाठी राजद्रोह, हे मान्य करायचे तर टेबिट आपल्यापेक्षा फार सौम्य होते. त्यांनी कोणावर खटला भरा असे म्हटले नव्हते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, याहून या भूमिकेला दुसरे नाव नाही.

१९९१ मध्ये पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली, दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीची खणली गेली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला चेन्नईत सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत बारा धावांनी हरला. चेपॉकचे प्रेक्षक काही क्षण सुन्न बसले आणि मग उभे राहून त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. त्या चेन्नईकरांच्या देशभक्तीत उणे काढण्याची हिंमत तेव्हा कोणी केली नाही. वानखेडे खणणाऱ्यांच्या देशभक्तीपुढे मात्र सरकारेही गप्प राहिली.

महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ते देशभर सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक केले. मधल्या काळात खुर्चीवरून न उठलेल्यांना मारहाण झाली. त्याच न्यायालयाचा १९८६ चा निकाल याहून धीराचा आहे. केरळातल्या यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत असूनही, ती गात नाहीत म्हणून शाळेने काढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. मुले उभी राहिली, तेवढा आदर पुरे, हा त्या निकालाचा अर्थ.

ब्रिटनमध्ये नागरिकत्व हवे असणाऱ्याला २००५ पासून लेखी परीक्षा द्यावी लागते. चोवीस प्रश्न, उत्तीर्ण व्हायला अठरा बरोबर. तिच्या अभ्यासपुस्तकात क्रिकेट आहे, ॲशेसही आहे. सामन्यात तुमच्या टाळ्या कोणाला, हा प्रश्न त्यात नाही. टेबिट २०२५ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले, तोवर त्यांच्या पक्षाची अनेक सरकारे येऊन गेली. त्यांतल्या एकाचा पंतप्रधान साउदॅम्प्टनला जन्मलेला हिंदू होता. कोणत्याही सरकारने तो प्रश्न घातला नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्यातही तो नाही, आणि गल्लीतल्या, वसाहतीतल्या, समाजमाध्यमांवरच्या परीक्षकांनी तो विचारणे थांबवावे.